एका वाड्यात दोन बिऱ्हाडं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली आणि त्याच आठवड्यात बडोद्याच्या रावपुऱ्यातून आत्याचा फोन आला. "अगं, लॅपटॉपवर पाटी आलीये. आता हा बंद पडणार म्हणे. चांगला चालतोय की! मग का?"

आत्या अडुसष्ट वर्षांची. भजनी मंडळाची वर्गणी, हळदीकुंकवाच्या याद्या, पुण्याच्या मुलाशी व्हिडिओ कॉल आणि रात्री जुनी नाटकं, एवढ्यासाठी तिचा लॅपटॉप. सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क. या कामांना रग्गड झालं. पण विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर हवा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. आठवी पिढी बाजारात आली २०१७मध्ये. त्याआधीचं यंत्र कितीही धडधाकट असलं तरी अधिकृतपणे दारातूनच परत.

तिला आधी एवढंच सांगितलं की बंद काही पडत नाही. मुदत संपली म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या. भिंतीला नवी फट पडली तर बुजवायला गवंडी येणार नाही. घरगुती वापरणाऱ्यांनी नाव नोंदवलं तर या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. ती नोंदणी करून दिली. म्हणजे हातात एक वर्ष आलं, आणि तेवढ्यात लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली, शेजारी ठेवून बघू असं ठरलं.

"शेजारी म्हणजे कुठे?"

"आपल्या दांडिया बाजारातल्या वाड्यात दोन बिऱ्हाडं होती ना, तसं."

हे तिला लगेच पटलं. देवडी एक, चौक एक, नळ एक. खोल्या मात्र वाटलेल्या, चुली वेगळ्या. संगणकातही प्रोसेसर, पडदा, कळफलक सगळं सामाईक. डिस्कचे मात्र दोन भाग करायचे, एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. यालाच ड्युअल बूट म्हणतात. उपमा एका ठिकाणी फाटते, तेही सांगून टाकते. वाड्यात दोन्ही चुली एकाच वेळी पेटायच्या. इथे एका वेळी एकच बिऱ्हाड जागं असतं, दुसरं गाढ झोपलेलं. बदलायचं तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं.

माझं म्हणणं आधीच मांडते, म्हणजे पुढचं सगळं त्या अंगाने वाचता येईल. लोक लिनक्सला घाबरतात ते काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतील म्हणून. ती भीती आता जुनी झाली. आत्याने तो काळा पडदा अजून एकदाही उघडलेला नाही. खरा धोका आहे तो डिस्कची वाटणी करतानाच्या अर्ध्या तासात. म्हणून ती वाटणी होईल तितकी पुढे ढकलायची आणि तोवर बिनवाटणीचं जे जे बघता येतं ते बघून घ्यायचं.

उसळ एक, गाड्या अनेक

लिनक्स शोधायला गेलं की पहिला गोंधळ नावांचा. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन. मग यातलं लिनक्स कोणतं?

बडोदेकरांना हे शेव-उसळीवरून सांगणं सोपं. खालची वाटाण्याची उसळ सगळीकडे तीच. एका गाडीवर तरी झणझणीत, दुसरीकडे शेव जाड, तिसरीकडे कांदा सढळ हाताने. लिनक्स म्हणजे नेमकेपणाने बोलायचं तर फक्त ती उसळ, ज्याला कर्नल म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याशी बोलणारा गाभा. त्यावर खिडक्या, मेनू, ब्राउझर, सेटिंग्ज असं सगळं वाढून जी प्लेट समोर येते ती डिस्ट्रिब्युशन, बोलताना डिस्ट्रो. अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, त्यातले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर चालतात. तेव्हा आत्याच्या वर्गणीच्या हिशेबाला ते कमी पडेल अशी काळजी नको.

हा गाभा सुरू झाला फिनलंडमध्ये, हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकावर. २५ ऑगस्ट १९९१ला त्याने जाहीर केलं की मी एक प्रणाली लिहितोय, नुसता छंद म्हणून, फार मोठं काही नाही. त्याचा पुढचा किस्सा मला फार आवडतो. त्याच्या यंत्रावर तेव्हा मिनिक्स नावाची दुसरी प्रणालीही होती. म्हणजे त्याच्याकडेही दोन बिऱ्हाडंच. एकदा मोडेमला नंबर फिरवायला सांगण्याऐवजी त्याने चुकून ती आज्ञा हार्ड डिस्कलाच दिली आणि मिनिक्सच्या भागाचं वाटोळं झालं. मग त्याने मिनिक्स परत टाकलंच नाही, स्वतःच्या लिनक्सवर राहायला गेला. वाटणीत घोळ घालणारे आपण पहिले नाही, एवढाच माझा मुद्दा.

नवख्याने कोणती प्लेट घ्यावी? माझं मत, लिनक्स मिंट, सिनॅमन नावाच्या रूपात. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोजच्या सवयीचा हात चुकत नाही. मिंट उबुंटूवर बेतलेलं आहे आणि २२व्या मालिकेला २०२९पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या आहेत. किमान २ जीबी रॅम म्हणतात, पण सुखाने वापरायला ४ हवीच. यंत्र फारच म्हातारं असेल तर मिंटचंच एक्सएफसीई हे हलकं रूप घ्या. यापलीकडे तुलना करत बसू नका. लोक महिनाभर कोणतं चांगलं याचे व्हिडिओ बघतात आणि एकही चालू करून पाहत नाहीत.

आणखी एक. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर लिनक्सच्या आधी एसएसडी बसवा. मंद यंत्राला त्याने जितकी तरतरी येते तितकी कोणत्याही प्रणालीने येत नाही.

आधी पाहुणा म्हणून

वाड्यात खोली भाड्याने घेण्याआधी दोन रात्री पाहुणा म्हणून राहता आलं तर? लिनक्समध्ये ती सोय आहे, तिचं नाव लाइव्ह पेनड्राइव्ह. संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवरून चालते, लॅपटॉपच्या डिस्कला हात लावत नाही. पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केलं की विंडोज जसं होतं तसं.

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार, तेव्हा लग्नाची ध्वनिचित्रफीत त्यात नाही ना, ते पाहून घ्या. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या प्रणालीचं एका फाइलीत बांधलेलं गाठोडं, साधारण ३ जीबीचं, त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. तिथेच त्या फाइलीवरून काढलेला ६४ अक्षरांचा एक ठसा दिलेला असतो. उतरवलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळतो का ते बघायचं. बहुतेक जण ही पायरी गाळतात. पण फेब्रुवारी २०१६मध्ये चोरांनी मिंटच्याच संकेतस्थळात घुसून खऱ्या फाइलच्या जागी चोरवाट असलेली फाइल लावली होती. संकेतस्थळच चोरांच्या हाती गेलं तर तिथला ठसाही बदलता येतो, तरी जुळवण्याची सवय बरी. विंडोजवर रुफस नावाचा छोटा प्रोग्राम पेनड्राइव्ह तयार करतो आणि ठसा काढायचं बटणही त्यातच आहे.

मग लॅपटॉप बंद करून सुरू करताना एक कळ दाबत राहायची. कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप. सुरू कुठून करू अशी यादी येते, त्यात पेनड्राइव्ह निवडायचा. आत्याच्या लॅपटॉपची कळ तिसऱ्या प्रयत्नात सापडली. तोवर तिचा चहा करून झाला होता.

पाहुणा असताना काय तपासायचं, यातच खरी मेख आहे. लोक पडद्यावरची चित्रं बघून खूश होतात. तुम्ही वायफाय जोडा. आवाज, कॅमेरा, माइक बघा. पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा चालतात का? झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडलं तर यंत्र जागं होतं का? प्रिंटर जोडून एक पान काढा. वायफायच्या काही चिप आणि काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सशी अबोला धरतात, आणि ते वाटणी करून बसल्यावर कळणं वाईट. आमच्या घरचा म्हातारा लेझर प्रिंटर असाच. दोन रविवार घालवले, शेवटी त्याला विंडोजपुरताच ठेवला. पेनड्राइव्हवरून सगळं जरा रेंगाळत चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. आणि यंत्र बंद केलं की तुम्ही केलेलं सगळं पुसलं जातं, तेही ध्यानात ठेवा.

पेनड्राइव्हशिवाय आणखी एक वाट म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स. विंडोजच्याच एका खिडकीत लिनक्स चालवायचं. १६ जीबी रॅम असेल तर झकास, ८ला ओढाताण. शिवाय त्यात तुमचं खरं वायफाय पारखता येत नाही. कॉलेजात प्रोग्रामिंगपुरतं लिनक्स हवं असेल तर विंडोजमध्येच बसणारं डब्ल्यूएसएल आहे, त्यांनी ड्युअल बूटच्या वाटेला जायचंही कारण नाही.

मराठीचं काय

आत्याचा खरा प्रश्न हा होता, आणि मला वाटतं अनेकांचा हाच असतो.

इन्स्क्रिप्ट या प्रमाण मराठी कळफलकावर टाइप करणाऱ्यांना काहीच शिकावं लागत नाही. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की विंडोजवर जिथे क आहे तिथेच इथेही क. 'के'च्या कळीवर. उच्चारावरून टाइप करणाऱ्यांसाठी आयबसमध्ये, म्हणजे लिनक्सच्या टायपिंगच्या व्यवस्थेत, वेगळी सोय जोडून घ्यावी लागते. पाच-दहा मिनिटांचं काम. अक्षरं तुम्हाला फोनवरच्या इतकी हुशारीने सुचवली जाणार नाहीत, हे मान्य.

अडलं ते जुन्या फाइलींपाशी. मंडळाच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या भजनांच्या फाइली लिनक्समध्ये उघडल्या तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आत्या म्हणाली, "बघ, तुझ्या लिनक्सला मराठी येत नाही." दोष लिनक्सचा नव्हता. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्या फाइली तिच्या आधीच्या पद्धतीच्या, कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. अशा फाइलीत आतून मराठी नसतंच. आत असतं इंग्रजी 'डी', फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा चढवतो. 'कमल' असा दिसणारा शब्द फाइलीत 'डी-ई-वाय' असा पडलेला असतो. मुखवटा यंत्रावर नसला की खरा चेहरा दिसतो. विंडोजच्या बाजूने फॉन्टची फाइल आणून मिंटमध्ये बसवली, भजनं पुन्हा वाचता आली. कायमचा उपाय मात्र या फाइली युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच, तुम्ही लिनक्सवर या किंवा येऊ नका.

युनिकोड फाइली मात्र लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे कागदपत्रं लिहायच्या प्रोग्राममध्ये, सरळ उघडतात. मंगल फॉन्ट लिनक्सवर नसतो, त्याच्या जागी लोहित किंवा नोटो येतो. अक्षरांची रुंदी थोडी निराळी, त्यामुळे दोन पानांची पत्रिका अडीच पानांवर जाते. छापायला देण्याआधी पीडीएफ करून द्यायची.

काय चालणार नाही तेही सांगते, नाहीतर नंतर शिव्या मला. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या नाहीत. वाइन नावाच्या तडजोडीने विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर रडतखडत चालतात, पण ज्यावर रोजीरोटी आहे ते अशा भरवशावर ठेवू नये. डिजिटल सहीचं टोकन लावून करायची कामंही बहुधा विंडोजच मागतात. आतेभावाच्या मुलाचा खेळ व्हॅलोरंट, तोही नाही. म्हणून तर विंडोज शेजारी ठेवायचं.

वाटणीचा अर्धा तास

इथे मी हात सैल सोडणार नाही, कारण माझे पोळलेत.

२००९ साली मी उबुंटूची सीडी टपालाने फुकट मागवली होती. तेव्हा ते जगभर पाठवायचे, २०११मध्ये ती योजना बंद झाली. पाकीट आलं तेव्हा घरात सगळ्यांना दाखवलं. रात्री घरच्या डेस्कटॉपवर सीडी घातली, 'पुढे' 'पुढे' करत गेले आणि 'संपूर्ण डिस्क वापरा' या पर्यायावर टिचकी मारली. मला वाटलं, वापर की, मोकळी जागा भरपूर आहे. त्याचा अर्थ होता सगळं पुसून टाक. विंडोज गेलं त्याचं दुःख नव्हतं. भावाच्या मुंजीचे फोटो गेले. वहिनी अजून बोलून दाखवते.

तेव्हा पहिलं काम, फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क लॅपटॉपपासून सोडवून कपाटात.

दुसरं, बिटलॉकर. नव्या लॅपटॉपवर विंडोज बरेचदा न सांगता डिस्कला कुलूप घालतं. ते असेल तर सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जराशी ढवळाढवळ झाली की विंडोज ४८ आकडी किल्ली मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी कागदावर उतरवून घ्या. हो, कागदावर. लॅपटॉपमध्ये ठेवलेली किल्ली लॅपटॉपच उघडत नसताना काय कामाची?

तिसरं, फास्ट स्टार्टअप. हे मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. विंडोज ८पासून 'शट डाउन' केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. पुढच्या वेळी चटकन उठता यावं म्हणून अर्धा पसारा डिस्कवर तसाच टाकून डुलकी घेतं. शेजाऱ्याने ताटं मांडली, वरण झाकून ठेवलं आणि आलोच म्हणून बाहेर गेला, तसं. आता लिनक्सने त्याच्या खोलीत शिरून ताटं हलवली तर परत आल्यावर भांडण. म्हणून लिनक्स अशा डिस्कमध्ये लिहायला नकार देतं, फक्त बघू देतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सवय बंद करायची.

मग जागा काढणं. हे काम विंडोजच्या हातूनच करून घ्यायचं, त्याच्या खोलीची भिंत त्यालाच सरकवू द्यायची. स्टार्टवर उजवी टिचकी, डिस्क मॅनेजमेंट, सी ड्राइव्हवर उजवी टिचकी, श्रिंक व्हॉल्यूम. आत्याच्या २५६ जीबीच्या एसएसडीचे विंडोजच्या मोजणीत २३८ दिसतात, त्यात ९० भरलेले. जवळपास १५० मोकळे. तरी विंडोज म्हणालं, ३८च देईन. कारण काही फाइली, हायबरनेशनची, सिस्टिम रिस्टोअरची, डिस्कच्या मधोमध ठाण मांडून बसतात आणि जागच्या हलत नाहीत. त्या दोन्ही सोयी तात्पुरत्या बंद केल्या, यंत्र पुन्हा सुरू केलं, तेव्हा खळखळ न करता जागा सुटली. लिनक्सला ६० जीबी द्यायचे ठरवले होते. चौकटीत आकडा एमबीमध्ये लिहायचा, म्हणजे ६० गुणिले १०२४, ६१४४०. या मोकळ्या जागेला नवं नाव, नवं अक्षर काही देऊ नका. काळी पट्टी तशीच राहू द्या.

पेनड्राइव्हवरून पुन्हा मिंट सुरू करण्याआधी विंडोजच्या सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये बायोस मोड बघा. तिथे यूईएफआय, म्हणजे यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत, असेल तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू व्हायला हवा. सुरुवातीच्या यादीत तो कधी कधी दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेला घ्या. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, बंद करावंच लागतं हा समज जुना आहे. मिंट आणि उबुंटू ते चालू असतानाही बसतात.

इन्स्टॉल करताना एका पडद्यावर जीव मुठीत धरा. तिथे साधारण तीन पर्याय येतात. 'इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर', म्हणजे विंडोजशेजारी बसव. 'इरेज डिस्क', म्हणजे माझा २००९चा पराक्रम. आणि 'समथिंग एल्स', म्हणजे स्वतः वाटणी करतो. पहिला निवडा. पहिला दिसतच नसेल तर पुढे जाऊ नका. काही लॅपटॉपवर डिस्क इंटेल आरएसटी नावाच्या पद्धतीत अडकवलेली असते आणि इन्स्टॉलरला विंडोज दिसत नाही. ती पद्धत तडकाफडकी बदलली तर विंडोजच उठत नाही, त्याची आधी सेफ मोडमधून तयारी करावी लागते. अशा वेळी गुमान पेनड्राइव्ह काढा आणि जाणत्याला गाठा.

बाकी नाव, पासवर्ड, कोलकात्याची वेळ. आत्याच्या यंत्रावर पंधरा-वीस मिनिटांत संपलं.

देवडीवर कोण

पुन्हा सुरू केलं की आता आधी एक यादी येते. वर लिनक्स मिंट, खाली कुठेतरी विंडोज बूट मॅनेजर. ही यादी दाखवणारा ग्रब. वाड्याच्या देवडीवर बसलेला माणूस, कोणाकडे जायचंय विचारणारा. त्याला उत्तर दिलं नाही तर दहा सेकंदांनी तो पहिल्याच बिऱ्हाडात पाठवतो.

विंडोजचाही स्वतःचा देवडीवाला असतो. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर तो ग्रबला बाजूला सारून खुर्चीत बसतो आणि यादी दिसेनाशी होते. लिनक्स गेलं म्हणून लोक घाबरतात. गेलेलं नसतं. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये क्रम बदलून ग्रबला वर आणलं की झालं. ऑगस्ट २०२४मध्ये मात्र प्रकरण थोडं वाढलं होतं. जुन्या, असुरक्षित देवडीवाल्यांना प्रवेशबंदी करणारी यादी विंडोजच्या अपडेटमधून आली आणि अनेकांच्या दोन बिऱ्हाडी यंत्रांवर लिनक्स सुरूच होईना. म्हणून लिनक्सचीही अपडेट साचू देऊ नयेत.

पहिल्या आठवड्यातला आत्याचा फोन: "अगं, संध्याकाळचे सात वाजलेत आणि हा दुपारचा दीड दाखवतोय." बरोबर साडेपाच तासांचा फरक. मला हसूच आलं, कारण हा आकडा ओळखीचा. यंत्राच्या बोर्डवर बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज समजतं की त्यात स्थानिक वेळ आहे. लिनक्स समजतं की त्यात जागतिक वेळ आहे, आणि आपल्यासाठी तीत साडेपाच तास मिळवतं. लिनक्सने घड्याळ स्वतःच्या पद्धतीने लावून ठेवलं, मग आत्याने विंडोज उघडलं. एकाच भिंतीवरच्या घड्याळाचे दोन शेजाऱ्यांनी दोन अर्थ लावले. लिनक्सला एका ओळीच्या आज्ञेने स्थानिक वेळ धरायला सांगितलं. काळा पडदा तेवढ्यापुरता उघडला, तोही मी.

खोल्यांबद्दल एक राहिलं. लिनक्सला विंडोजची एनटीएफएस खोली दिसते, त्यातले फोटो उघडता येतात. विंडोजला मात्र लिनक्सची एक्स्ट-फोर पद्धतीची खोली वाचताच येत नाही. कधी कधी ते उलट विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करू का? तिथे 'नको' म्हणायचं, पुन्हा पुन्हा 'नको'. दोन्हीकडून लागणाऱ्या फाइली विंडोजच्या बाजूलाच ठेवलेल्या बऱ्या.

आणि जमलं नाही तर? लिनक्स काढताना लोक थेट डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याचा भाग उडवतात. ग्रब आपली यादी त्याच भागातून वाचत असतो. भाग उडाला की काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच उरतं. आधी यूईएफआयमध्ये विंडोज बूट मॅनेजरला पहिल्या नंबरावर न्या, विंडोज त्या वाटेने नीट सुरू होतंय हे पाहा, मगच लिनक्सचा भाग काढा आणि सी ड्राइव्ह परत वाढवा. जुन्या, यूईएफआय नसलेल्या यंत्रावर विंडोजची दुरुस्तीची डिस्क किंवा पेनड्राइव्ह जवळ असल्याशिवाय हे करू नका.

आत्याकडे ती वेळ आलेली नाही. नाटकं आणि व्हिडिओ कॉल मिंटवर, प्रिंट काढायची असली की विंडोज, असा तिचा परिपाठ बसलाय. परवा मात्र तक्रार आली. देवडीवरचा माणूस दहाच सेकंद थांबतो, तेवढ्यात चष्मा सापडत नाही. तीस करून दिले.